हलका हात

प्रिय ताई,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलंय, त्यावरून भलतं काही समजू नकोस. मी रागावलेलीच आहे. तीन महिने झाले, डोक्याला अर्धा रंग लावलेलं गिऱ्हाईक खुर्चीत तसंच टाकून तू दुकानातून तडक लेकीकडे निघून गेलीस. मागं वळून पाहिलंसुद्धा नाहीस. त्या मुख्याध्यापिकाबाई अर्धं डोकं तांबडं, अर्धं पांढरं घेऊन मला विचारत होत्या, आता काय करायचं? मी काय सांगणार, कपाळ!

मी काय बोलले ते मला आठवतंय. आधी स्वतःचं वजन उचल, मग ड्रायर उचल, असं म्हणाले. चार माणसांत बोलायला नको होतं, कबूल. पण उगाच बोलले का? हाडांच्या डॉक्टरांनी माझ्यासमोरच तुला सगळं समजावलं होतं. उजवा खांदा गोठलाय. रक्तातली साखर चढती राहिली की सांध्याभोवतीचं आवरण जाड होतं, आखडतं, आणि पोटावरच्या चरबीनं अंगातली सूज हटत नाही. गोड बंद करा, तळलेलं कमी करा, रोज चाला, सांगितलेला व्यायाम करा, वेळ लागेल पण हात मोकळा होईल. नाही ऐकलंत तर कात्री विसरा. तू अशी काही मान डोलावलीस की डॉक्टर खूश. मी आरशाच्या कडेला तक्ता चिकटवला. चालणं झालं, खूण. गोड खाल्लं नाही, खूण. दोन महिने नुसत्या खुणाच खुणा, आणि खांदा होता तिथंच! रोज सकाळी तुझी वेणी मी घालायची, ब्लाउजचे हूक मी लावायचे, आणि वर तू डॉक्टरांनाच नावं ठेवायचीस.

तू गेलीस त्याच दिवशी सकाळी बेकरीवाल्यानं मला सहज विचारलं, ताई आज आल्या नाहीत, बरं नाही का? त्यांचे दोन क्रीमरोल बाजूला काढून ठेवलेत. म्हणजे बाईसाहेबांचं चालणं बेकरीमागच्या बाकापर्यंत! अगं, चोरून खायचं तर खा, पण निदान तक्त्यावर खूण तरी करू नये माणसानं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. क्रीमरोलचं काही नव्हतं गं. तुझा हात कामातून चालला होता आणि तू मला फसवत बसली होतीस.

आणि हात तरी कुणाचा? आईनं याच दुकानात आपल्या दोघींना शिकवलं. मला काडी म्हणायची, तुला गादी, आणि दोघींना एकच सांगायची, हात हलका हवा, गिऱ्हाइकाला कात्री लागलेली कळता कामा नये. मी तेव्हा तेरा वर्षांची. मला वाटलं, हात हलका म्हणजे अंग हलकं. त्या दिवशी जे दुपारचं जेवण सोडलं ते आजतागायत. चहा आणि दोन बिस्किटं. वर तुझ्यापुढं मिरवायचे, बघ, मला भूकच लागत नाही. आणि गंमत म्हणजे मी वाळून खरोखरची काडी झाले, तरी रडणारी पोरं आई द्यायची तुझ्याच हाती. तुझ्या कात्रीखाली ती झोपून जायची. ऐंशी किलोची बाई आणि हात पिसासारखा! मला ते कधीच सहन झालं नाही, आज लिहूनच टाकते. तुझ्या वजनावरून मी जे बोलायचे ना, त्यातलं अर्धं काळजीचं होतं. उरलेलं अर्धं हे होतं.

आता पुढचं वाच आणि काय हसायचं ते हसून घे. तू गेल्यावर दोन्ही खुर्च्यांचं काम मीच ओढलं. गेल्या सोमवारी एका बाईंचे केस फणीवर उचलले आणि माझा डावा हात तिथूनच खाली पडला. फणी जमिनीवर. पुन्हा तेच डॉक्टर. मी म्हटलं, माझं वजन चव्वेचाळीस किलो, मला कसला खांद्याचा आजार? त्यांनी फक्त विचारलं, दुपारी काय जेवता? ताई, त्या माणसाचा मला इतका राग आला! खांद्यात स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी असते, ती अर्धी फाटलीय. वर्षानुवर्षं अर्धपोटी राहून स्नायू झिजले आणि त्यांच्यावर दोघींचं काम टाकलं, मग दुसरं काय होणार, म्हणाले. ताईंना गोड बंद, तुम्हाला उपास बंद. अंडी, डाळ, दूध, आणि तीन महिने डावा हात वर करायचा नाही. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण माझ्यासाठीच काढलेली दिसते.

आठ दिवस दुकान बंद आहे. असंच राहिलं तर आईनं लावलेली पाटी उतरवावी लागेल, आणि ते मी एकटीनं करणार नाही. म्हणून हे पत्र. तुझा उजवा चालत नाही, माझा डावा. केस उचलायला डावा लागतो, तो तुझ्याकडे आहे. कापायला उजवा लागतो, तो माझ्याकडे. दोघी मिळून एक अख्खी बाई होतो. जुना तक्ता मी फाडलाय. नव्यावर दोन रकाने आहेत. तुझ्या रकान्यात खूण मी करणार, माझ्या रकान्यात तू. मुख्याध्यापिकाबाईंना शनिवारची वेळ दिलीय, तेव्हा त्याआधी ये. राग गेलेला नाही, तो समोरासमोर काढीन. पण माझी वेणी आठ दिवस झाले, घातलेली नाही. एका हातानं होत नाही गं.

तुझीच,
काडी