कुत्र्यावरचा आळ

तालुका औसा, जिल्हा लातूर (उस्मानाबाद नव्हे)

चि. भीमाशंकर भावजी यांना जगदेवी वहिनीचा आशीर्वाद. गुडघा आता कसा आहे?

त्या सकाळी अंगण झाडून झालं होतं, म्हशीपुढं कडबा टाकला होता, सायकलला दोन्हीकडं घागरी अडकवून मी पाण्याला निघाले होते, तेवढ्यात तुमचं पत्र आलं. पत्त्यावर तुम्ही अजून जुनाच जिल्हा लिहिता, म्हणून ते आधी तिकडं फिरून आलं. (जिल्हा नवा झाला, भावजी, विहीर जुनीच आहे आणि कोरडीच आहे.) वहिनी, अण्णांची सायकल तुम्हाला चालवता येत नाही, पडून सडेल, अमावास्येनंतर येऊन नेतो, हे वाचलं. चालवता येत नाही हे खरं. मी ती ढकलते.

पाणी भरून परतताना लातूर रस्त्यावर मागचं चाक फुसफुसलं आणि बसलं. पुढंच लिंबाखाली नरसिंगचं पंक्चरचं दुकान आहे (दुकान म्हणजे एक पेटी, एक पंप आणि नरसिंग). तो म्हणाला, "मावशी, घमेलं कोरडं हाय. पाण्याबिगर भोक कसं घावंल?" तीन तास रांगेत उभं राहून आणलेलं पाणी! अर्धी घागर ओतली, तेव्हा कुठं ट्यूबमधून बुडबुडे आले. (ते पाणी मी परत घागरीत भरून घेतलं. म्हशीला रबराच्या वासाचं वावडं नाही.)

मग त्यानं टायरमध्ये बोटं फिरवली आणि चामड्याचा एक तुकडा ओढून काढला. टायरला चीर पडली की आतून असा तुकडा घालतात, त्याला तो गेटर म्हणतो. त्यावर लाल रेशमाचं फूल होतं. भावजी, ती माझी चप्पल! सिद्धेश्वराच्या जत्रेत घेतलेली, दोनदाच घातलेली. सहा वर्षांपूर्वी तिचा एक पाय नाहीसा झाला, तेव्हा आमचे हे, म्हणजे तुमचे अण्णा, अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले होते, रत्नम्माच्या कुत्र्यानं नेली असंल. तेव्हापासून शेजारच्या रत्नम्माशी माझं बोलणं बंद आणि कुत्र्याला दिसेल तिथं खडा.

"नरसिंग, तुला ठाऊक होतं?"

"हाव. म्याच घातलाय. मालक म्हणले, घरी कळलं तर माझी खैर न्हाई."

"आणि सहा वर्षं गप बसलास?"

"तुमचा राग कुत्र्यावर निघत होता, मावशी. म्या कशाला मधी येऊ?"

मी इतकी हसले की जाणाऱ्या बसमधली माणसं वाकून बघायला लागली. अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्यावर मनापासून चिडायला मिळालं ते त्या दिवशी. घरापर्यंत सायकल ढकलत त्यांच्याशी भांडत आले. बरं वाटलं.

संध्याकाळी रत्नम्माकडं जाऊन चुकले म्हणाले. ती म्हणाली, "अगं, तवा ते पिल्लू होतं, तुझ्या चपलेपेक्षा बारकं." कुत्र्यापुढं भाकरी धरली. ते सवयीनं पळालं.

ता. क. सायकल देत नाही. तुम्ही मात्र जरूर या, आणि येताना नांदेडहून एक पंप आणा.

आणखी एक ता. क. उरलेली एक चप्पल, कधीतरी जोडी सापडेल म्हणून, मी पेटीत जपून ठेवली होती. पुढच्या टायरलाही चीर पडलेली आहे. दुसऱ्या दिवशी ती चप्पल कापली आणि त्यात घातली.