टेबलावरची थाप

५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांना झटका येऊन दोन महिने झाले. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. काही विचारलं तर नुसते बघत राहतात. डॉक्टर म्हणतात, त्यांना काही कळतंय असं धरून चालू नका. जन्मभर इटालियन गाणी शिकवणारा माणूस, आता पाणीसुद्धा मागत नाही! दुकानातली शिलाई सांभाळून सगळं करताना हिची आणि माझी दमछाक होते. काल त्यांच्या उशाशी बसूनच आम्ही वृद्धाश्रमाचं बोलत होतो. तुझं मत कळव.

लोभ आहेच, तो उणा होऊ देऊ नकोस.
तुझा,
धाकटा

१२ जून

चि. शिंपीबुवांस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. घाई करू नकोस. आठवतं, बाबा मला गाण्यातला शब्द न् शब्द तोडून टेबलावर वाजवायला लावायचे? जितके तुकडे तितक्या थापा, आणि जोराच्या तुकड्याला थापही जोरात. 'फी-ने-स्त्रा' म्हणजे खिडकी, जोर 'ने'वर. 'ता-वो-ला' म्हणजे टेबल, जोर पहिल्यावरच. सोबत चाळीस शब्द पाठवतेय, जोराच्या तुकड्याखाली लाल रेघ आहे. रोज त्यांच्यापुढे वाच. तुला त्यातलं ओ की ठो कळत नाही हे ठाऊक आहे, तरी वाच. वहिनीला सांग, मी तिकीट बघतेय.

जीव लावतोस, तसाच लावत राहा.
ताई

२६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दहा दिवस वाचलं, बाबा ढिम्म. काल तुझा कागद कापडांच्या ढिगात हरवला, म्हणून आठवेल तसं वाचलं. 'तावोला'चा जोर मधल्या तुकड्यावर दिला आणि बाबांचा डावा हात दाणकन टेबलावर आपटला. एक थाप जोरात, दोन हलक्या, तू लिहिलंस तसंच. कपाळावर चूक ऐकल्यावरची तीच जुनी आठी! मी आनंदाने हिला हाक मारली. ही आली आणि रडायलाच लागली. का, ते मला मागाहून उमगलं. बाबांना कळतंय, म्हणजे इतके दिवस सगळंच कळत होतं. वृद्धाश्रमाचं, आणि मी वैतागून म्हणालो होतो की यापेक्षा सुटले असते तर बरं, तेही.

आज सकाळी हात धरून माफी मागितली. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग मी तोच शब्द मुद्दाम चुकीचा वाचला. भिंतीकडे बघतच त्यांनी पलंगाच्या कडेवर हात आपटला. एक जोरात, दोन हलक्या.

ताई, सध्या आमच्यात एवढंच बोलणं उरलंय. लवकर ये.

चुकलेल्यावरही लोभ ठेव.
धाकटा