दोरा बांधलेले टोमॅटो आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय पंचाहत्तर, धंदा शिवणकाम (डोळ्यांनी साथ सोडल्यापासून बंद), राहणार चौथा मजला, गच्चीला लागून असलेल्या दोन खोल्या, पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. दबाव आणायला वर यावं लागतं, आणि आमची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर संपते. त्यामुळे त्या बाबतीत मी निर्धास्त आहे.

माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी दिला आहे. इमारतीत दुसरे डॉक्टर नाहीत. त्यांनी सवयीने आधी मला आ करायला लावलं आणि मग आजचा वार विचारला. मी वार सांगितला, शिवाय त्यांच्या खिडकीतली कोरफड पाणी घालून घालून सडवल्याचंही सांगितलं. त्यांनी मुकाट्याने सही केली.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात सगळं काही चिरंजीवांना दिलं होतं. ते या कागदाने रद्द समजावं. का, ते कलम सातमध्ये येईल. चिरंजीवांनी थेट तिथे उडी मारू नये, क्रमाने वाचावं. लहानपणीही ते गणित सोडवायच्या आधी मागच्या पानावरचं उत्तर बघत.

कलम १. दोन खोल्या. या माझ्या स्वकष्टाच्या आहेत. दुसऱ्यांच्या मुलांचे शाळेचे गणवेश शिवून घेतल्या आहेत. त्या चिरंजीवांना मिळाव्यात. ते दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि आईला भेटायला यायचं म्हटलं की त्यांचा गुडघा दुखतो. खोल्या मिळाल्यावर गुडघा बरा होईल अशी आशा आहे. मोरीतला नळ डावीकडे फिरवून थोडा वर उचलल्याशिवाय बंद होत नाही. हे मी त्यांना पुष्कळदा सांगितलं आहे, आता लेखी देते.

कलम २. बँकेतली शिल्लक. माझं शेवटचं कार्य साधेपणाने उरकावं आणि उरेल त्याची माती, खत आणि बियाणं आणावं. मला हार घालू नयेत. ज्यांना अगदीच रिकाम्या हाताने यायला संकोच वाटतो त्यांनी कुजलेल्या शेणखताची पिशवी आणावी. शेजारपाजारच्या किती जणांचा जिव्हाळा तेवढा आहे ते त्या दिवशी कळेल.

कलम ३. शिवणयंत्र. हे सूनबाईंना. त्यांनी एकदा पडद्याची दुमड स्टेपलरने मारली होती आणि मला म्हणाल्या होत्या, "अहो आई, लांबून कुठे दिसतंय?" मी लांबून पाहिलं. दिसत होतं. तरीही यंत्र त्यांनाच देते, कारण बाई मनाने सरळ आहे. स्टेपलर मारला तर मारला म्हणून सांगते. या घरात हा गुण दुर्मिळ होत चालला आहे.

मोठी कात्री मात्र त्यांना नाही. ती कापडाची आहे. तिने कागद, फांदी, दुधाची पिशवी यांपैकी काहीही कापलेलं मला वर गेल्यावरही समजेल.

कलम ४. चेअरमनसाहेब. आमच्या इमारतीचे चेअरमन तिसऱ्या मजल्यावर, बरोबर माझ्या गच्चीखाली राहतात. माझ्या कुंड्यांमुळे त्यांच्या छताला ओल येते अशी त्यांची तक्रार आहे. गवंड्याने छत फोडून पाहिलं तेव्हा ओल त्यांच्याच गिझरच्या पाइपाची निघाली. तरी तक्रार मागे घेतलेली नाही. याच सद्गृहस्थांनी माझा भोपळ्याचा वेल त्यांच्या बाल्कनीत उतरला तेव्हा "अतिक्रमण" असं लिहून नोटीस लावली, आणि वेलाला लागलेला भोपळा गुपचूप खाल्ला. साली कचऱ्याच्या डब्यात इमारतीतल्या मुलांनी पाहिल्या. चेअरमनसाहेबांना मी त्या भोपळ्याच्या बिया ठेवते. पेराव्यात, म्हणजे निदान पुढचा भोपळा हक्काचा असेल.

कलम ५. गच्ची. ही खोल्यांबरोबरच माझ्या नावावर आहे. आता मुद्द्याचं.

गच्चीवर फुटकं बेसिन, गळकी पिंपं, कोणाच्या तरी बाळाचा जुना टब, तळ गेलेल्या बादल्या असं सगळं आहे. इमारतीने टाकून दिलेली प्रत्येक वस्तू माझ्याकडे येऊन कुंडी झाली. या कुंड्यांचे मालक म्हणजे इमारतीतली मुलं. ज्याची कुंडी त्याने पाणी घालायचं, ज्याने पिकवलं त्याने निदान एक घास खायचा, आणि बी पेरलं की उकरून बघायचं नाही, एवढेच तीन नियम. तिसरा नियम आजवर एकानेही पाळलेला नाही. सकाळी पेरायचं आणि शाळेतून आल्यावर बोट घालून चौकशी करायची. ढोल्या नावाचा एक मुलगा तर घेवड्याचं बी रोज वर काढून धुऊन परत ठेवायचा. तरीही त्याचा घेवडा उगवला. बियांना मुलांची सवय होत असावी.

आईबाप मात्र कठीण. एक बाई मातीत हात घालणाऱ्या मुलीला हातमोजे घालून पाठवायच्या. एक गृहस्थ मला म्हणाले, "आजी, मुलं यातून नेमकं काय शिकतात?" मी म्हटलं, "मुळा." आमचे चिरंजीव कंपनीत आलेख काढण्याच्या हुद्द्यावर आहेत. त्यांनी विचारलं, "आई, एवढ्या मेहनतीचा आउटपुट काय?" त्या हंगामाचा आउटपुट अकरा काकड्या आणि एक लिंबू होता. लिंबाची मिरवणूक काढून मुलं चारही मजले फिरली होती. आलेखात ते कुठे बसवायचं ते मला माहीत नाही.

सगळ्या मुलांत पहिली माझी नात, उंदरी. हे नाव तिने कमावलेलं आहे. ती मुळा उपटायची, टोकाकडून एक चावा घ्यायची आणि राहिलेला मुळा परत मातीत खोचायची, उरलेला वाढावा म्हणून. मातीतून काढलेल्या माझ्या निम्म्या मुळ्यांवर तिच्या दातांचे ठसे असायचे. दातांच्या डॉक्टरांनी ते ओळखूनही दाखवले होते.

गेल्या वर्षापासून उंदरी गच्चीवर येत नाही. जिन्यात भेटली तर बुटांकडे बघत निघून जाते. पंचाहत्तर वर्षांत पुष्कळ माणसं मला सोडून गेली, काहींना मी स्वतः घालवलं. एवढं कोणाचंच लागलं नाही.

गच्ची, तिच्यावरच्या सर्व कुंड्या आणि मुलांना वर येऊ देण्याचा संपूर्ण हक्क मी उंदरीला देते. मात्र आधी तिला कलम सात मोठ्याने वाचून दाखवावं. ते ऐकूनही तिला गच्ची नको असेल, तर चिरंजीवांनी गच्चीवर त्यांच्या मनात आहे ती काचेची खोली खुशाल बांधावी. मग माझ्या बाजूने हरकत घ्यायला कोणी नाही.

कलम ६. झारी. उंदरीला शाळेच्या बागकाम स्पर्धेत पहिलं बक्षीस म्हणून प्लास्टिकची झारी मिळाली होती. तिच्या तोंडाला भोकंच पाडलेली नाहीत. ती शाळेला साभार परत करावी. बक्षीस आणि बाग दोन्ही एकाच मापाची होती.

कलम ७. दोरा. हा हिरवा आहे, वीतभर लांब, माझ्या बटणांच्या डब्यात काडेपेटीत ठेवला आहे. तो चिरंजीवांना. त्याची हकीकत अशी.

स्पर्धेसाठी परीक्षक घरोघरी जाऊन मुलांची बाग बघणार होते. उंदरीच्या बादलीत टोमॅटोचं रोप होतं. त्याला चार पिवळी फुलं होती, फळ एकही नव्हतं. पोरगी हिरमुसली होती पण ठीक होती; रोज फुलांशी काहीतरी बोलत असे. परीक्षकांच्या दिवशी सकाळी पाहते तर रोपाला चार लालबुंद टोमॅटो. टोमॅटो एवढे, की रोप त्यांच्यापुढे ओशाळून वाकलं होतं. मी काही बोलायच्या आत परीक्षकबाई आल्या, "अगं बाई, काय गोड!" म्हणाल्या, फोटो काढला आणि पहिला नंबर देऊन मोकळ्या झाल्या. हात लावून कोणी पाहिलं नाही. उंदरी आनंदाने नुसती नाचत होती.

चौथ्या दिवशी एक टोमॅटो सडला. उंदरीने तो तोडला आणि तिच्या हातात देठाबरोबर दोरा आला. ती मूठ मिटून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजी, टोमॅटोला दोरा असतो का गं?"

मी म्हटलं, "नसतो."

दोरा माझ्या हातावर ठेवून ती खाली गेली. तिने बापाला विचारलं. आणि बापाने, माझ्या पोटच्या पोराने, तिला सांगितलं, "आजीने बांधला असेल. शिवणकाम तिचंच ना?" मला हे सूनबाईंकडून कळलं. तेव्हापासून उंदरी वर आलेली नाही.

तर मी लिहून देते की तो दोरा मी बांधलेला नाही. दोरा माझ्या डब्यातला आहे, पण गाठ माझी नाही. मी एक गाठ मारते आणि ती पुरते. तीन गाठी एकावर एक मारायची खोड चिरंजीवांची. शर्टाचं बटण असो, खोकं असो, उंदरीचे शाळेचे बूट असोत, सगळीकडे तीन. संध्याकाळी ते बूट सोडवता सोडवता सूनबाईंची नखं तुटतात. कोपऱ्यावरची भाजीवालीही साक्ष देईल. ती मला म्हणाली, "मावशी, तुमचा मुलगा त्या दिवशी देठासकट चारच टोमॅटो घेऊन गेला. मी म्हटलं भाजीला नेतोय की पूजेला?"

पोरीचा चेहरा पडू नये म्हणून त्याने हे केलं हे मला समजतं. तेवढं मी माफ केलं. पण स्वतःचा चेहरा वाचवायला त्याने माझा पुढे केला, ते माफ नाही. बापाला लेकीदेखत खोटं पाडणं जिवंतपणी माझ्याने होत नाही. मेल्यावर होईल, म्हणून हे कलम.

एक गोष्ट उंदरीला सांगायची राहिली. बक्षीस घेऊन सगळे गेल्यावर, तिने बादलीकडे पाठ फिरवल्यावर, त्या चार फुलांपैकी एकाला खरंच टोमॅटो लागला. लिंबाएवढाच, जरा वाकडा. कोणी परीक्षक आला नाही. मी तो पिकू दिला आणि त्याचं बी वाळवून ठेवलं आहे. ते उंदरीचं आहे.

कलम ८. या मृत्युपत्राची एक प्रत आजच दुसऱ्या मजल्यावर दाराच्या फटीतून आत सरकवण्यात येत आहे. चिरंजीवांनी माझ्या हयातीत स्वतःच्या तोंडाने लेकीला खरं सांगितलं, तर कलम सात वाचण्याची अट रद्दबातल समजावी. डॉक्टरांच्या मते माझे दात अजून दहा वर्षं टिकतील. बाकीच्या अवयवांबद्दल त्यांनी हमी घेतलेली नाही. तेव्हा फार वेळ काढू नये.

सही: (चौथ्या मजल्यावरची शिवणवाली)
साक्षीदार: १. दातांचे डॉक्टर. २. कोपऱ्यावरची भाजीवाली. हिने "मावशी, मला पण काहीतरी ठेवा की" असा हट्ट धरला, पण साक्षीदाराला काही ठेवता येत नाही म्हणतात. त्यामुळे तिला फक्त शाबासकी.
स्थळ: गच्ची, लिंबाच्या पिंपाजवळ. दिनांक: ४ फेब्रुवारी.

पुरवणी

वरील मृत्युपत्राला जोडून, त्याच शुद्धीत, लिहिते.

प्रत सरकवल्यावर आठवडाभर दुसऱ्या मजल्यावर शांतता होती. काल चिरंजीव वर आले. गुडघ्याचा उल्लेख नव्हता. मागे उंदरी होती. माझ्यासमोर उभं राहून ते तिला म्हणाले, "बाळा, ते टोमॅटो आजीने नाही, मी बांधले होते. आणि तुला खोटं सांगितलं, तेही मीच."

उंदरी म्हणाली, "माहितीये."

चिरंजीव म्हणाले, "तुझ्या आईने सांगितलं?"

"नाही. तीन गाठी होत्या. तीन गाठी तूच मारतोस, बाबा. रोज माझ्या बुटांना मारतोस."

मग मीच विचारलं, "मग बये, वर्षभर वर का आली नाहीस?"

ती म्हणाली, "आले असते तर तू विचारलं असतंस. मला तुझ्याशी खोटं बोलता येत नाही. मग तू बाबाला ओरडली असतीस. तो आधीच किती घाबरला होता."

म्हणजे वर्षभर वरच्या मजल्यावर मी आणि खालच्या मजल्यावर ती, दोघी मिळून एका गाढवाला जपत होतो, आणि त्यापायी एकमेकींना मुकलो होतो. गाढव पालथ्या बादलीवर बसून स्वतःच्या बुटाची नाडी सोडत राहिलं, कारण वर बघायची सोय नव्हती. नाडी अर्थातच सुटली नाही. शेवटी मी मोठी कात्री आणली आणि कापली. कापडाखेरीज त्या कात्रीने कापलेली ही पहिली आणि शेवटची वस्तू.

सबब, कलम सात वाचण्याची अट रद्द. गच्ची उंदरीला बिनशर्त. काचेची खोली कायमची रद्द. दोरा चिरंजीवांना हातोहात पोचला, त्यांनी तो पाकिटात ठेवला. त्यांना गच्चीवर एक बादलीही नेमून दिली आहे. तिच्यात त्यांनी वाकड्या टोमॅटोचं बी स्वतः पेरलं आणि आज ऑफिसला जाण्याआधी येऊन उकरून बघितलं. नियम त्यांनाही सांगितला आहे.

सही: (वरीलप्रमाणे)
साक्षीदार: वरीलप्रमाणे दोघे. उंदरीलाही सही करायची होती, पण ती वयाने लहान आणि वारस, त्यामुळे चालत नाही.
स्थळ: गच्ची. दिनांक: १२ फेब्रुवारी.

कागदाच्या खालच्या कोपऱ्यावरचा ओला डाग मातीचा आणि मुळ्याचा आहे. ती खाडाखोड समजू नये. मुळा परत जागेवर खोचण्यात आला आहे.