तळ्यावरचं तांबडं लुगडं

जालना, पौष शुद्ध ६, शके १८५९

ती. सौ. द्वारकाअक्कास धाकट्या रामकिसनचा शि. सा. न. वि. वि.

बदकांचा फोटो धुऊन आला. आमच्या फोटोच्या दुकानाच्या मालकांनी विचारलं, ही मातीची मांडली होती काय? मी सांगितलं, बिलकुल जिवंत, राजूरच्या तळ्यावरची. माझ्या बहिणीनं तीन हिवाळे जोंधळा टाकून माणसाळवलेली. तुझ्या लंगडीचा वाकडा पायसुद्धा दिसतो.

एक सांगू? रागावशील. तुला वाटतं, ती तुझा आवाज ओळखतात. मी धोतरावर गेलो तर सगळी उडाली. तुझं तांबडं लुगडं नेसून, पदराखाली कॅमेरा धरून बसलो, तर पायाशी आली. त्यांना तू नव्हे, लुगडं ओळखू येतं! हे कुणाला सांगू नकोस, नाहीतर माझं लग्न जमायचं नाही.

माघात नवीन रीळ घेऊन येतो. दाजींना व मामंजींना नमस्कार. थोरल्या बहिणीची माया आहे, ती आटू देऊ नये.

रामकिसन

राजूर, पौष वद्य ३

चि. रामकिसन यास अनेक आशीर्वाद.

बदकं मारली रे.

तुझं पत्र मामंजींनी रिवाजाप्रमाणे ओसरीवर सगळ्यांदेखत वाचलं. या घरात पत्र एकट्यानं कुणी वाचत नाही. लुगड्याचं ऐकून सगळे पोट धरून हसले, मीही हसले. माझे दीर भुजंगभाऊजी सर्वांत जास्त.

काल गावात दौऱ्यावरचे कुणी साहेब उतरले होते. भाऊजींना त्यांच्याकडे नोकरी हवी आहे. सकाळी दोरीवरचं लुगडं दिसेना. मग तळ्याकडून बंदुकीचे बार ऐकू आले. मला वाटलं, हरणं असतील. दुपारी सासूबाई म्हणाल्या, पाहुन्यांचं जेवण हाये, मसाला जल्दी वाट. मी खोबरं भाजून, धने भाजून चांगला बारीक वाटला. परसात राख टाकायला गेले तर पिसांचा ढीग, आणि त्यात तो वाकडा पाय.

भाऊजींनीच लुगडं नेसून दाणे टाकले आणि साहेबांनी बाभळीआडून बार काढले. हसून मला सांगत होते की वहिनी, पयल्या बारानंतर बी ती माझ्याकडंच येऊन राह्यल्ती. साहेब खूश आहेत. माघी चतुर्थीला दोस्तांना घेऊन पुन्हा येणार.

लुगडं परत दोरीवर आलं आहे. पदराला पीस चिकटलं आहे. काही बदकं उरलीत म्हणतात. मला तिकडे जाववत नाही.

तुझी अक्का

जालना, पौष वद्य ७

ती. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. फोटो दुकानात टांगला होता, तो उतरवला. त्याच्याकडे पाहवत नाही. गंमत म्हणून लिहिलेलं एक वाक्य, आणि हे!

ते लुगडं जाळून टाक, म्हणजे चतुर्थीला पुन्हा तसं होणार नाही. जल्दी उत्तर धाड.

रामकिसन

राजूर, माघ शुद्ध ५

चि. रामकिसन यास अनेक आशीर्वाद.

लुगडं जाळून काय होणार? तुझं हेही पत्र ओसरीवर वाचलं गेलं, आणि भाऊजी हसून म्हणाले, तांबडं लुगडं बाजारात कुठं बी मिळतं. म्हणून मी तेच नेसले, पीस काढलं नाही, आणि ओच्यात दाण्यांऐवजी ढेकळं घेऊन तळ्यावर गेले. उरलेली लगबगीनं आली. मी ढेकूळ मारलं. त्यांना वाटलं दाणे पडले, म्हणून ती ढेकळाकडेच पोहत गेली. माझा जीव तुटला. पण मारत राहिले, रोज. एकीच्या पंखाला लागलं, तेव्हा कुठं बाकीच्यांना माझी भीती बसली.

काल साहेब आले, भाऊजी लुगडं नेसून उभे राहिले. तांबडं दिसताच सगळं तळं उडालं. पाहुणे हात हलवत गेले. भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत.

आज मी हिरवं नेसून गेले होते, लांबून नुसती पाहायला. तरीही उडाली. आता ती मलाच ओळखतात.

तो फोटो घेऊन ये. पाकिटात घालू नकोस, हातानं आण आणि माझ्याच हातात दे. त्यात ती जवळ येत आहेत. तेवढी माया असू दे.

तुझी अक्का