उरलेले चार भाग

तालाय,

तुझ्या आईंच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला बोर्सोक तळायचेत, त्या कणकेच्या तुकड्यांसाठी पीठ-तेल आणायला बाजारात जातेय. नवा टीव्ही आज आणू नकोस. आणशील तेव्हा बटण दाबताच सरळ चॅनेल लावणारा आण, ह्याच्यासारखा “कोण बघतंय?” विचारत बसणारा नको.

आई गेल्या त्या दिवशी तूच वायर काढून टीव्हीवर शाल टाकली होतीस. मघाशी मी तो जोडून पाहिला. आईंच्या नावाखाली त्यांची मालिका त्या दिवसानंतरही रोज एकेक भाग पुढे गेलीये. आता चारच भाग उरलेत, आणि चाळिसाव्यालाही चारच दिवस.

तोवर टीव्ही हलवू नकोस. वायर मी पुन्हा काढून ठेवलीये. तरीही आवाज आला, तर या वेळी तरी त्यांच्यावर ओरडू नकोस.

जिपार