राजीनामा करणार नाही!

३ डिसेंबर
पायाले प्लास्टर. यशवंतराव सेठच्या संत्र्याच्या पिकअपनं रिव्हर्स घेताना माझ्या पायाचा पंजा चेपला. सेठच्या इथल्या मालाचा सुपरवायझर मीच. सेठचा वरुडहून फोन. म्हणे गुलाबभाऊ, दवाखान्याचा खर्च माझा, वरून काही देतो, बरे झाले की कामावर या. म्हटलं विचार करतो. विचार कायचा! केस करणार.

४ डिसेंबर
बायको, दीपाली, म्हणते पोळ्याच्या गोटमारीत दगडानं डोकं फुटलं तेव्हा कोणावर केस केली होती? तिले कायद्यातलं काय समजते! डोकं श्रद्धेनं फुटलं, पाय निष्काळजीपणानं.

८ डिसेंबर
सौंसरले वीरेंद्र वकिलाकडे गेलो. म्हणाले, राजीनामा कर लो, फायदे में रहोगे. घरी सांगितलं तर दीपाली रडायले लागली. नोकरी सोडता का म्हणे! माहेर काटोलचं ना. समजावलं, बाई, तुमच्या महाराष्ट्रात राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं, आमच्या एमपीच्या कोर्टात राजीनामा म्हणजे आपसात मिटवणं. बॉर्डरच्या माणसाले दोन्ही आलं पाहिजे. लय हसलो. अन् राजीनामा तर मी करतच नाही. जबलपूर हायकोर्टापर्यंत लढीन.

१५ डिसेंबर, दुपार
ड्रायव्हर कवडू साक्ष द्यायले तयार. पण खरंच सांगीन म्हणते. खरं काय, तर मीच पिकअपच्या मागं उभा राहून आने दे, आने दे करून राहिलो होतो. मोबाईलवर बोलता बोलता. हरामखोर! आने दे म्हणजे काय पायावर आने दे?

२ जानेवारी
वकील पुन्हा राजीनामा, राजीनामा. प्लास्टरच्या आत पाय खाजून राहिला, डोकं पिसाळलं. सीझन जोरात, माझ्याशिवाय सारा माल अडला असंन. कोणाचा फोन नाही. लाजत असतीन.

५ जानेवारी
मोठं मन केलं. कवडूच्या भीतीनं नाही. सेठले व्हॉट्सॲप केलं, एकदम शुद्ध भाषेत: मी राजीनाम्यास तयार आहे, मंजूर असल्यास कळवावे. दीपाली म्हणे, त्यापेक्षा फोनवर बोला ना. कायले? लिखापढी पक्की असते. आता सेठ धावत येते पाहा.

६ जानेवारी, सकाळ
सेठचं उत्तर. राजीनामा मंजूर. वाईट वाटलं, पण तुमची इच्छा. सुपरवायझर आता कवडू. खाली हात जोडलेले.
दीपालीनं वाचलं. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळ
सेठले फोन लावला. समजावलं, सेठ, आमच्याकडे राजीनामा म्हणजे आपसात मिटवणं. म्हणाला, माहीत आहे ना गुलाबभाऊ, बॉर्डरच्या माणसाले दोन्ही येते. ठेवला फोन.
मग वकिलाले लावला. म्हणाले, ये तो अलग मैटर हो गया, लेबर कोर्ट जाना पड़ेगा. म्हटलं जाऊ, सोडत नाही. ते म्हणाले, मेरी मानो तो वहाँ भी राजीनामा कर लेना.
कोणता, ते विचारलं नाही.