झालरीचं जाकीट

६ मार्च १९३४

पोस्टर लागलं. सगळ्यात वर हिरो, बक हॅलोरन. त्याच्याखाली सार्जंट. त्याच्याखाली मी. सार्जंट हा घोडा आहे.

सिनेमाची पाच चित्रं झाली, तरी मी घोड्याच्या खालीच! स्टुडिओचे मालक झिमरसाहेब, त्यांना जाऊन विचारलं. म्हणाले, पोरं घोडा बघायला येतात. हिरोइन दिसली की शेंगदाणे आणायला उठतात. वर स्वतःच हसले, मेले!

पण जाता जाता बोलले, जुलैत करार संपतोय, पुढच्या सहा चित्रांचं तुझं बघू. बघू म्हणजे काय ते त्यांनाच माहीत. मला तो करार पाहिजे. नाहीतर आहेच मग ओक्लाहोमा — भावाचं घर, भावजयीची बोलणी आणि भाकरीतसुद्धा धूळ.

१२ मार्च

हुल्डाशी आज परत वाजलं. कपडेपट सांभाळते ही बया, पण तोरा असा की स्टुडिओ हिच्या बापाचा. मला दर चित्रात तेच कातडी जाकीट, बाह्यांना झालर लावलेलं, आणि टोपीखालून सोडलेली तीच नकली वेणी. जाकीट खांद्यात ढगळ, बाह्या बोटांपर्यंत. गोणपाटात भरल्यासारखी दिसते मी. म्हटलं, दोन टाके तरी घाल.

“ह्याला सुई लावायची नाही,” म्हणाली. “दुरून बरी दिसतेस.”

कजाग थेरडी! हसताना कुणी पाहिलंय का हिला कधी?

२० मार्च, लोन पाइन

सहावं चित्र सुरू. खडक, वारा, जेवायला उकडलेलं अंडं आणि वाळलेलं सँडविच. माझी वाक्यं — “बाबा, आपली गुरं!” आणि “ते तिकडे गेले!” संपलं. शेवटी बक घोड्याचा मुका घेतो आणि माझ्याशी हस्तांदोलन करतो. ह्या बकला खोगिरावर चढायला स्टूल लागतं. दोन माणसं खालून ढकलतात. आणि देशभरातली पोरं ह्याच्यासारखी टोपी घालून फिरतात!

मी मात्र नऊ वर्षांची असल्यापासून बिनखोगिराची घोडी पळवते. इथे मला उभ्या घोड्यावर बसवून समोर पंखा लावतात. लांबून दिसणारी दौड म्हणे आधीच कधीतरी काढून ठेवली आहे, तीच दर चित्रात मध्ये जोडतात. कुणीतरी गडी वेणी लावून पळाला असेल. मी कधी विचारलं नाही. राग यायचा, एवढंच.

२२ मार्च

झिमरसाहेब स्वतः आले! जुन्या दौडी झिजल्या म्हणे, पडद्यावर ओरखडे दिसतात. उद्या दिवसभर मी पळवायचं. मीच! कराराचं विचारलं, तर म्हणाले, आधी पळव, मग बोलू.

जाकीट द्यायला हुल्डा आली आणि जाईचना. वेणीच्या पिना चिवडत बसली.

“नाही म्हण,” म्हणाली.

का, ते सांगेना. मी म्हटलं, तू जळतेस. पिना उचलून गेली निघून. जळो! तिला काय कळतंय घोड्यातलं?

२३ मार्च

मांड्या सोलल्या आहेत, पेन धरवत नाही. पण काय दिवस गेला! चढावरून, उतारावरून, नदीतून, खडकांच्या फटीतून. कॅमेऱ्यामागच्या गड्यांनी शिट्ट्या मारल्या. बकचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. ते बघूनच पोट भरलं.

झिमरसाहेब एकच ओरडत होते — टोपी खाली, तोंड वळवू नकोस. उन्हामुळे असेल. संध्याकाळी पाठीवर थाप मारली त्यांनी. घोड्याच्या. असू दे. करार आता कुठे जातोय?

२ जुलै

नाही.

नवी मुलगी आणली आहे. नेल कार्लाइल, एकोणीस वर्षांची, टूथपेस्टच्या जाहिरातीतून उचललेली. सार्जंट नुसता फुरफुरला तरी माझ्या मागे लपत होती. झिमरसाहेबांना म्हटलं, ही घोडा काय कपाळ पळवणार?

“तिला कशाला पळवायचाय?” म्हणाले. “तू पळवलायस ना. दहा वर्षं पुरेल.”

तेच जाकीट. तीच वेणी. पाठ माझी आणि तोंड तिचं! माझ्याच हातानं मी माझी जागा भरून दिली, आणि वर खूश झाले होते. त्या मेल्याच्या अंगावर टेबल उलटवायला हवं होतं. मी “थँक यू सर” म्हणून बाहेर आले. माझंच थोबाड फोडावंसं वाटतंय.

पण जाकीटच नसलं तर? मग ती दौड कुणाच्याच उपयोगाची नाही. कपडेपट सकाळी उघडतो. मोठी कात्री पर्समध्ये टाकली आहे.

३ जुलै

हुल्डा एकटीच होती. तिनं कात्री पाहिली. ओरडली नाही. जाकीट खुंटीवरून काढलं आणि स्वतः अंगात घातलं. खांदे अगदी बेतून बसले. बाह्या बरोबर मनगटापर्यंत.

पाचही चित्रांत माझ्या नावावर पळाली ती ही.

“माझी दौड काढून घेतली आणि माझ्या जागी दुसरी आणली, तेव्हा मीपण कात्री आणली होती,” म्हणाली. “पहिल्या जाकिटाच्या चिंध्या केल्या. त्यांना तस्संच दुसरं हवं होतं. घरी आई अंथरुणावर. शिवून दिलं मीच. मग इथेच राहिले.”

जाकीट काढून तिनं परत खुंटीला लावलं. मग विचारलं, “तुला शिवता येतं?”

येतं.